न शिकवलेल्या सव्वीस सकाळी

आजवर मी या सदराचा नुसता वाचक होतो. इथले अनुभव वाचायचे, चहा संपवायचा आणि बायकोला म्हणायचं, "लोकांकडे वेळ बराच असतो गं." भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीच मला कधी पटलं नाही. आजही पटत नाही. मी गाडी शिकवणारा माणूस. क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, एवढ्यावर माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं गेली... असं म्हणता आलं असतं, पण ते पूर्ण खरं नाही. यात माझा गुन्हा आहे. तो सांगितल्याशिवाय अनुभव सांगता येत नाही, म्हणून वेळ लागला.

साल २००५ च्या आसपासचं. कोथरूडला, पौड रोडच्या आतल्या गल्लीत, एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं ड्रायव्हिंग स्कूल होतं. दहा बाय बाराचा गाळा, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता, एक टेबल, आणि बाहेर पार्किंगमध्ये पांढरी छोटी गाडी. आम्ही राहायचो वरच्याच मजल्यावर. शिकवायच्या गाडीत दोन्हीकडे पेडल असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. शिकणारा उजवीकडे, शिकवणारा डावीकडे, आणि त्याच्याही पायाशी क्लच आणि ब्रेक. पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ते पेडल आतून जोडलेले असतात. शिकणाऱ्याने त्याचा ब्रेक दाबला की माझाही आपोआप खाली जातो. माझ्या बुटाखाली मला त्याचा पाय कळतो. घाबरलाय का, अंदाज आलाय का, आदल्या दिवशीचं विसरलाय का, सगळं पायाला कळतं. आणखी एक. शिकवणारा विद्यार्थ्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही. समोर रस्ता, त्याचे हात, त्याचे पाय. वीस वर्षांत मी शेकडो माणसांना शिकवलं, त्यातल्या निम्म्यांचे चेहरे मला आठवत नाहीत, पण हात आठवतात.

त्या वर्षांत पुणं एकदम पळायला लागलं होतं. गल्लीत एक तरी मुलगा कंप्युटरवाला. सकाळी सहापासून कंपन्यांच्या गाड्या सोसायट्यांच्या गेटवर हॉर्न मारत उभ्या. लॉगिनची वेळ चुकली की ड्रायव्हरला बोलणी, त्यामुळे राँग साइड, पिवळा सिग्नल, फुटपाथ, सगळं चालायचं. गाड्या होत्या, माणसं होती, चालवणारे कमी पडत होते.

बाळासाहेब म्हणून कंपन्यांना गाड्या पुरवणारे एक कॉन्ट्रॅक्टर माझ्याकडे यायचे. हिंजवडीच्या बाजूच्या गावातले. जमीन गेली आणि तिच्या जागी सहा गाड्या आल्या, असं तेच हसत सांगायचे. एक दिवस ते एका मुलाला घेऊन आले. तेवीस-चोवीस वर्षांचा, पायात रबरी चप्पल, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कधीतरी ठेचून काळं झालेलं, मनगटाला काळा दोरा.

"सर, पोरगं वाशीमचं हाय. गजानन. गाडी चांगली चालवतं. सोमवारपास्नं मला माणूस पायजे."

"बाळासाहेब, कोर्स तीस दिवसांचा आहे."

"कोर्स तुमच्या कागदावर तीस दिवसांचा ऱ्हाऊ द्या की. मी कुटं नाय म्हनतोय."

गजानन खाली मान घालून म्हणाला, "सर, ट्रॅक्टर तं मी बारा वर्साचा होतो तवापासून चालवतो जी. महिना काऊन घालवता?"

मी चार दिवस घेतले त्याचे. आणि चारही दिवस मला एक गोष्ट दिसली.

ट्रॅक्टरला स्टिअरिंगपाशी, उजव्या हाताला, हाताने ओढायचा अ‍ॅक्सिलरेटर असतो. शेतात तो एकदा लावून ठेवायचा आणि थांबायचं झालं की हाताने मागे घ्यायचा. गजाननच्या हाताला दहा वर्षांची सवय होती. समोर अचानक काही आलं की त्याचा उजवा हात स्टिअरिंग सोडायचा आणि तो दांडा शोधायचा. गाडीत तो दांडा नाही. हात हवेत चाचपडायचा, आणि तेवढा वेळ पाय उचलायचा राहून जायचा. एखादाच सेकंद. चारही दिवस ब्रेक मी दाबला.

असली सवय सुटते. मी ट्रॅक्टरवाले बरेच शिकवलेत. तीन आठवडे लागतात, कधी चार. रोज अर्धा तास, रोज तेच, शेवटी हात शहाणा होतो. मला हे पक्कं माहीत होतं. मी बाळासाहेबांना सांगितलंही, की अजून पंधरा दिवस तरी द्या.

"सर, तुमची मुक्ता बारावीला ना औंदा? मग पुढं इंजिनियरिंग. मी काय एकच पोरगं आननार हाय का तुमच्याकडं? अजून धा हायेत."

मी सर्टिफिकेटवर सही केली.

नुसती सही नाही. आमच्याकडे हजेरीचं रजिस्टर असतं. तारीख, वेळ, किती किलोमीटर, काय शिकवलं, शेरा, विद्यार्थ्याची सही, माझी सही. गजाननला टेबलाशी बसवून मी सव्वीस रिकाम्या ओळींत सह्या घ्यायला लावल्या, तीन वेगळ्या पेनांनी, म्हणजे एका दमात केल्यासारख्या वाटू नयेत. तो एकेक अक्षर जपून काढायचा. तारखा डिसेंबर-जानेवारीच्या टाकल्या. नंतर मी एकटा बसून उरलेलं भरलं. आणि ते मी मन लावून भरलं, हे कबूल करतो. नववा दिवस, "दाट धुकं, हेडलाइटचा सराव." बारावा, "हाताची सवय सुटत आहे." चौदावा, "म्हैस आडवी, शांतपणे थांबला." एकविसावा, "चांदणी चौकाचा चढ, गाडी मागे गेली नाही." तिसाव्या दिवसाचा शेरा मी सगळ्यांना एकच द्यायचो, "झेब्रा क्रॉसिंग, पादचारी, वेळेत थांबला. स्वतंत्रपणे चालवण्यास योग्य." रविवार सोडले होते. रविवारी स्कूल बंद.

मार्चमध्ये, सकाळी साडेसातला, पौड रोडवरच्या एका झेब्रा क्रॉसिंगवर गजाननच्या गाडीखाली विद्या पानसे नावाच्या बाई गेल्या. बालवाडीत शिकवायच्या. रस्ता ओलांडून बसस्टॉपला निघाल्या होत्या. गाडीत कंपनीची तीन मुलं होती, लॉगिनला आठ मिनिटं उशीर झाला होता. बाईंना उडवून गाडी दुभाजकावर चढली. बाई जागीच गेल्या, गजाननचा डावा पाय मोडला.

हवालदार माझ्याकडे रजिस्टरची झेरॉक्स घ्यायला आले. पानं उलटत म्हणाले, "झकास ठेवलंय हो सर. नाहीतर एकेक स्कूलवाले... विचारू नका." मग स्वतःशीच हसले. "तो येडा जबाबात म्हणतोय, साहेब, हात गेला. अरे, ब्रेक पायात असतो. हात कशाला जाईल?"

त्या वाक्याचा अर्थ त्या खोलीत फक्त मला कळला. मी त्यांना चहा मागवला.

इथून पुढचं मी जसं घडलं तसं सांगतो.

अपघातानंतर मला पहाटे साडेपाचला जाग यायला लागली. घरात बसवेना, म्हणून मी खाली येऊन गाडीत बसायचो. पहिला विद्यार्थी साडेसातचा. सवयीने मी डाव्याच सीटवर बसायचो, बूट पेडलवर टेकवून. एप्रिलचा शेवट होता, पहाटेसुद्धा उकडायचं.

एका सोमवारी असाच बसलो होतो. डोळा लागला असेल, नसेल. काचा वर होत्या, आणि एकदम गार वाटलं. बोटं गार पडतात तसं. मग माझ्या बुटाखालचा क्लच खाली गेला.

मी दाबला नव्हता. सावकाश गेला, नवशिक्याचा जातो तसा, अर्ध्यात थबकून. उजवीकडे बघायचं मला सुचलंच नाही... वीस वर्षांची सवय. समोर बघितलं तर पार्किंग नव्हतं. पौड रोड होता, रिकामा, निळसर उजेडातला. दोन्ही बाजूंची दुकानं बंद, झाडांच्या खाली अजून अंधार साचलेला. आवाज फक्त इंजिनाचा, तोही लांबून आल्यासारखा. स्टिअरिंगवर दोन हात होते. डाव्या अंगठ्याचं नख काळं.

भीती वाटली नाही, हे लोकांना खोटं वाटतं. स्वप्नात आपल्याला जसं सगळं आधीपासून ठाऊक असतं, तसं होतं ते. मी म्हणालो, "हाफ क्लच. घाई नको." पायाखालचा क्लच अलगद वर आला. पुढे एक कुत्रं आडवं आलं, आणि उजवा हात स्टिअरिंग सोडून हवेत गेला. मी ब्रेक दाबला. "हात जागेवर," मी म्हणालो. "पाय. पाय थांबवतो, हात नाही." हात परत आला.

मग मी पार्किंगमध्ये होतो. वॉचमन गेटाचं कुलूप काढत होता. उज्ज्वला, माझी बायको, गेटात अडकवलेली दुधाची पिशवी घेऊन वर निघाली होती. ती थांबली.

"कुठे जाऊन आलात?"

"कुठे नाही. इथेच बसलो होतो."

"मग गाडी एकटीच आंघोळ करून आली वाटतं," ती म्हणाली, आणि काचेवरून बोट ओढलं.

काच दवाने पांढरी झाली होती. शेजारच्या गाड्या कोरड्या होत्या. बॉनेटला हात लावला, तो गरम होता. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "साहेब, कुलूप तर आत्ता काढतोय मी तुमच्यासमोर." किलोमीटरचा काटा आदल्या संध्याकाळपेक्षा आठने पुढे होता.

दुसऱ्या दिवशी अकराने पुढे गेला. तिसऱ्या दिवशी नऊने.

आठ, अकरा, नऊ. हे आकडे मी कुठेतरी पाहिले होते. गाळा उघडून रजिस्टर काढलं. गजानन, पाचवा दिवस, आठ किलोमीटर. सहावा, अकरा. सातवा, नऊ. माझंच अक्षर. मीच मनाने घातलेले आकडे.

त्यानंतर मी रोज जायचो. जायचो म्हणजे... खाली उतरून सीटवर बसायचो, एवढंच माझ्या हातात होतं. रजिस्टरातल्या नवव्या दिवशी, मे महिन्यात, दाट धुकं लागलं. रस्त्यावरचे दिवे कापसात गुंडाळल्यासारखे, आणि त्यातून आम्ही दोघं वीसच्या स्पीडने चाललेलो. मी म्हणायचो, "लो बीम," आणि दिवे खाली व्हायचे. उत्तर कधी आलं नाही. पण पायाखाली मला तो कळत होता. घाबरलेला, मग कमी घाबरलेला. चौदाव्या दिवशी बावधनच्या अलीकडे म्हैस आली. इमारती होत्या तिथे मला शेतं दिसत होती, आणि म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडे बघत होती, जणू तिलाही कोणीतरी तिथे उभं राहायला सांगितलं होतं. हात थरथरला, सुटला नाही. एकविसाव्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर आम्ही थांबलो, आणि गाडी एक बोटभरही मागे गेली नाही. मला इतका आनंद झाला की मी "शाब्बास" म्हणालो. घरी आलो तेव्हा त्याच आनंदाची लाज वाटली.

रविवारी काहीच व्हायचं नाही. मी बसून राहायचो, उकडत राहायचं.

उज्ज्वलाला सांगायला मला तीन आठवडे लागले. एका दुपारी रजिस्टर तिच्यासमोर ठेवलं. तिने चष्मा लावून सगळ्या ओळी वाचल्या. पहाटेचं मी जे सांगितलं ते तिने तसंच सोडून दिलं. एका ओळीवर बोट ठेवलं.

"'हाताची सवय सुटत आहे.' चार दिवसांत सुटली होती का?"

"नाही."

"मग हे कशावरून लिहिलंत?"

"सुटते. बाराव्या दिवसापर्यंत सुटायला लागतेच."

"अहो, बारावा दिवस झाला असता तर ना."

मी मुक्ताच्या कॉलेजचं बोललो. स्कूल बंद होईल, माझ्यावर केस होईल, पेपरात नाव येईल, हे सगळं बोललो. ती ऐकत होती. मग रजिस्टर मिटून म्हणाली, "पानशांच्या घरी हे कोण सांगणार आहे? तुम्हाला वेळ नसेल तर मी जाऊन येते." आणि आत जाऊन कुकर लावला.

तरी मी गेलो नाही. आता कारण सांगतो, हसू नका. माझ्या मनात तिसावा दिवस होता. तोवर थांबावं असं वाटत होतं. तिसाव्या दिवशी काय होणार हे मी स्वतः लिहून ठेवलं होतं, बारीक पेनाने, घाईत, आतापर्यंत शेकडो वेळा लिहिलेलं तेच वाक्य. आणि माझी पक्की समजूत झाली होती, की हे सगळं त्या एका सकाळकडे चाललंय. तो थांबला नाही तर ते दुसऱ्यांदा घडेल, आणि या वेळी मला पुढच्या सीटवरून बघावं लागेल. आणि तो थांबला तर... तो थांबला तर काय, याचा विचार मला त्याहून करवत नव्हता.

शेवटच्या दिवशी न जाण्याचा विचार आला. पण शिकवणाऱ्याने शेवटच्या दिवशी दांडी मारायची नसते.

त्या सकाळी उजेड दुधासारखा होता, सावली कशालाच नव्हती. आम्ही पौड रोडवर होतो. गाडी पन्नासला, सुरेख चाललेली. गिअर बदलताना मला काही सांगावं लागत नव्हतं. पुढे ते क्रॉसिंग दिसलं. पांढरे पट्टे उजेडात मिसळून गेल्यासारखे. आणि फुटपाथवरून एक बाई खाली उतरल्या. खांद्याला कापडी पिशवी, निऱ्या एका हाताने जरा उचललेल्या. रस्ता ओलांडताना आपण पुण्यात दुसरा हात असा आडवा धरतो ना, थांबा जरा, म्हणून, तसा धरलेला.

माझा बूट ब्रेकवर होता. मी दाबला असता तर गाडी नक्की थांबली असती. पण मग तो थांबला की मी थांबवलं, हे मला कधीच कळलं नसतं. हा विचार मी केला, एवढ्या वेळात. तो विचार केल्याबद्दलही मला माफ करता येत नाही स्वतःला.

मी स्टिअरिंगकडे बघितलं. उजव्या हाताची बोटं किंचित उघडली. मिटली. हात जागेवर राहिला. आणि माझ्या बुटाखालचा ब्रेक खाली गेला, पलीकडून, एका सरळ दाबात, शिकलेल्या माणसाचा जातो तसा. गाडी पट्ट्याच्या एक हात अलीकडे थांबली. बाई आमच्यासमोरून गेल्या. पिशवी खांद्यावरून घसरली होती, ती सारखी करत, आमच्याकडे न बघता, पलीकडच्या फुटपाथवर चढल्या आणि बसस्टॉपच्या दिशेने चालायला लागल्या. कितीतरी वेळ दिसत होत्या.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा तो नियम मोडला आणि विद्यार्थ्याच्या तोंडाकडे बघायला मान वळवली. सीट रिकामी होती. पायाखालचा ब्रेक सावकाश वर येत होता.

आठ वाजता मी रजिस्टर घेऊन पोलीस चौकीत होतो. साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणजे सह्यांचं, पेनांचं, ट्रॅक्टरच्या दांड्याचं. पहाटेचं मी बोललो नाही. ते म्हणाले, "तुम्हाला कोणी बोलावलं होतं का?"

"नाही."

"वकिलाला विचारून आलात का?"

"नाही."

"मग बसा. आधी चहा घ्या. लिहायला वेळ लागेल."

स्कूलचा परवाना गेला. माझं नाव गजाननच्या नावाशेजारी लागलं. बाळासाहेब घरी येऊन म्हणाले, "सर, एका पोरापायी सगळ्यांस्नी खड्ड्यात घातलंत." परत कधी बोलले नाहीत. कोर्टाने जे दिलं ते दिलं. गजाननची शिक्षा थोडी कमी झाली, मला माझी कमी वाटली. मुक्ता इंजिनियर झाली, कर्ज काढून. ती आज गाडी चालवते आणि मी शेजारी बसलो की म्हणते, "बाबा, पाय आपटू नका, तुमच्याकडे ब्रेक नाहीये."

गजानन मला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला, त्याच्या बायकोबरोबर, काठी घेऊन. पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा नीट पाहिला. लहान होता.

"सर, एक इचारू जी? तुमी आमच्या गावाले येऊन गेले काय?"

"नाही रे. का?"

त्याने बायकोकडे बघितलं. ती पदर सारखा करत म्हणाली, "गावाले आनल्यावर हे रोज पायटे झोपीतच पाय दाबत होते. डावा तं पलस्तरात, उजवा दाबत. मी म्हनो, दुखून राह्यलं काय. तं म्हनत, थांब, सर शिकवून राह्यले."

"कधी?" मी विचारलं.

"उन्हायात. महिनाभर. ऐतवारी नाई."

गजानन स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. "आता हात जात नाई सर," तो म्हणाला. "पन आता कोन गाडी देते मले."

मी त्याला नमस्कार केला. त्याला ते विचित्र वाटलं असणार.

मी आता साठीच्या जवळ आलो. झोपेचा परिणाम, अपराधी मनाचे खेळ, हे सगळं मला लोकांनी समजावून सांगितलंय, आणि मलाही ते पटावं असं फार वाटतं. पण किलोमीटर कोणी वाढवले? भर उन्हाळ्यात दव कुठून आलं? वाशीमला झोपलेल्या माणसाला रविवार कोणी सांगितला? दर वर्षी मी आरटीओला एक अर्ज करतो, की ड्रायव्हिंग स्कूलची तपासणी करताना रजिस्टर बघू नका, विद्यार्थ्याला गाडीत बसवा आणि शेजारी बसून बघा. पट्ट्याच्या अलीकडे थांबतो का, ते बघा. नाही थांबला तर त्याला नापास करा, आणि ज्याने सही केली त्याला आधी धरा. हेल्मेटसाठी आपण भांडतो, चौकात कॅमेरे लागले की नंबरप्लेटवर चिखल फासतो, आणि लायसन्स लवकर हवं म्हणून ओळखी शोधतो. ती ओळख बरीच वर्षं मी होतो. अर्जाला उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करीन.

एक राहिलं. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर पानसे मला भेटले. विद्याताईंचे यजमान, निवृत्त, कडक इस्त्रीचा शर्ट. मी हात जोडले. त्यांनी जोडले नाहीत.

"तुम्हीच ना ते शिकवणारे?"

"हो."

"एकच विचारतो. वकिलांना विचारलं, ते म्हणाले, असं सांगता येत नसतं. इन्स्पेक्टर म्हणाले, नशीब. तुमचा हा धंदा आहे, म्हणून तुम्हाला विचारतो. तो मुलगा पुरते तीस दिवस शिकला असता, तर थांबला असता का?"

मला 'सांगता येत नाही' म्हणता आलं असतं. ते त्यांना सोपं गेलं असतं, आणि मलाही.

"हो," मी म्हणालो. "थांबला असता."

"खात्री आहे?"

"पट्ट्याच्या एक हात अलीकडे थांबला असता."

"एवढं नेमकं तुम्हाला कसं माहीत?"

कसं माहीत, ते मला त्या दिवशी सांगता आलं नाही, आजही येत नाही.

त्यांनी मान हलवली. खालच्या रस्त्यावरून दुचाक्या राँग साइडने येत होत्या, तिकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे साडेसातला पलीकडे गेली असती. बालवाडीची आठची प्रार्थना तिला मिळाली असती." आणि रस्ता ओलांडण्यासाठी ते पायरीवर उभे राहिले, कोणीतरी थांबण्याची वाट बघत.